स्वस्तातली सेमी-ऑटो शॉटगन घेण्याआधी घराच्या भिंतीवर टकटक करा

पत्र थोडक्यात असं :

'काका, नमस्कार. मी मूळचा सांगलीचा, अकरा वर्षं अमेरिकेत, सध्या ह्यूस्टनजवळ केटीला राहतो. गेल्या वर्षी आम्हा दोघांना ग्रीन कार्ड मिळालं. महिन्यापूर्वी दोन रस्ते सोडून एका घरात भरदुपारी मागचं दार फोडून चोरी झाली. तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. घरी बायको, अकरा आणि सात वर्षांच्या दोन मुली आणि सहा महिन्यांसाठी आलेले आई-बाबा आहेत. ऑफिसमधला मित्र म्हणतो, सेमी-ऑटो टॅक्टिकल शॉटगन घे, तुर्कस्तानातल्या चारशे डॉलरला मिळतात. माझं बजेट सहाशे-सातशे. मी आजवर बंदूक हातात धरलेली नाही. बायकोचा विरोध आहे. बाबांना मात्र एकदा रेंजवर बार काढून बघायची हौस आहे. नेमकी कोणती घेऊ?'

नमस्कार.

तुमच्या मूळ पत्रात बंदुकांच्या नावांनी अर्धं पान भरलंय आणि बायकोचा विरोध एका ओळीत उरकलाय. मी त्या ओळीपासून सुरुवात करतो. नवरा-बायकोपैकी एकाला न पटलेली बंदूक घरात आली की ती कुठे ठेवायची, कुलूप कोणी बघायचं, मुलींना काय सांगायचं, यातलं काहीच धड ठरत नाही. मग ती कपाटाच्या वरच्या फळीवर, गोधडीखाली जाते, आणि सगळ्यात वाईट जागा तीच. म्हणून बायकोचा होकार येईपर्यंत खरेदी करू नका. त्यासाठी वादही घालू नका. दोघं मिळून बंदूक शिकवणाऱ्या, नवशिक्यांच्या एका वर्गाला जा. वर्गानंतरही त्या नाही म्हणाल्या तर विषय सोडून द्या आणि ते पैसे दारं-खिडक्यांवर घाला.

दाराचं काम तर कसंही कराच. चोर मागचं दार फोडून शिरला ना? इथल्या घरांत कुलपाची जीभ ज्या पट्टीत जाते ती पट्टी चौकटीला आखूड स्क्रूंनी बसवलेली असते. जोरात लाथ बसली की चौकटीचं लाकूडच चिरतं. ते स्क्रू काढा आणि तीन इंची स्क्रू आतल्या लाकडी खांबापर्यंत जातील असे बसवा. वीस डॉलर आणि अर्धा तास, या शनिवारी होऊन जाईल. मागच्या अंगणात हालचाल झाली की पेटणारा दिवा लावा. भरदुपारी येणारा चोर बहुधा घर रिकामं समजून येतो, आणि तुमच्याकडे सध्या आई-बाबा दिवसभर घरी आहेत. त्यांच्या खोलीचं दार आतून बंद होतं का, त्यांना ९११ हा तातडीचा नंबर लावता येतो का, पत्ता इंग्रजीत सांगता येतो का, हे आज संध्याकाळीच बघा. पत्ता मोठ्या अक्षरात लिहून फोनजवळ चिकटवा.

आणखी एक विचारतो, राग मानू नका. झोप उडालीय असं तुम्ही लिहिलंत. ती नुसती चोरीच्या धास्तीनं उडालीय की मनावर दुसरं काही ओझं आहे? या देशात बंदुकीनं होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. घरात कोणी खचलेलं असेल, मग ते तुम्ही असा, बायको असो की वयात येणारी मुलगी, तर सध्या बंदूक घरात नको. ९८८ हा मदतीचा नंबर त्यासाठीच आहे, रात्री-अपरात्रीही लागतो. हे प्रत्येकाला विचारावंच लागतं म्हणून तुम्हालाही विचारलं.

आता बंदुकीकडे वळू. शॉटगन म्हणजे छर्ऱ्यांची बंदूक, आणि सेमी-ऑटो म्हणजे दर बारानंतर पुढचं काडतूस आपोआप नळीत घेणारी.

माझे आजोबा संगमेश्वराकडचे. भात आणि भुईमूग रानडुकरांपासून राखायला त्यांच्याकडे पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची बारा बोअरची दोननळी होती. निवडणूक लागली की ती पोलिस ठाण्यात जमा व्हायची आणि निकालानंतर परत यायची. काडतुसं मोजून मिळायची, वहीत नोंद व्हायची. अशा देशातून आलेला माणूस इथल्या दुकानात शिरतो तेव्हा भिंतभर लावलेल्या बंदुका बघून त्याला वाटतं, की इथे काही नियमच नाहीत. तसं नाही. नियम आहेत, आणि आपल्या लोकांचे पाय नेमके ज्यात अडकतात असे दोन-तीन आहेत.

तुमच्याकडे ग्रीन कार्ड आहे, म्हणून तुम्हाला घेता येते. नोकरीच्या एच-वन-बी, शिक्षणाच्या एफ-वन किंवा व्हिजिटर व्हिसावरच्या माणसाला संघराज्याचा कायदा बंदूकच काय, काडतूससुद्धा बाळगू देत नाही. वैध शिकार परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत, तेवढेच. तेव्हा उद्या कोणी एच-वन-बीवरचा मित्र म्हणाला, 'तुझ्या नावावर माझ्यासाठी एक घे', तर सरळ नाही म्हणा. दुसऱ्यासाठी आपल्या नावावर घेणं हा मोठा गुन्हा आहे. त्यात ग्रीन कार्ड जाईल, मैत्री तर जाईलच.

दुकानात ४४७३ नंबरचा फॉर्म भरावा लागतो. त्यात नागरिकत्वाचा देश आणि तुमच्या कार्डावरचा नंबर लिहायचा. प्रत्येक उत्तर खरं लिहा, गांजाबद्दलचंसुद्धा. एखाद्या राज्यानं तो चालवून घेतला तरी या फॉर्मपुरता केंद्राचाच कायदा लागतो. ओळखपत्रावर आत्ता राहता तोच पत्ता हवा. घर बदलून लायसन्सवर जुनाच पत्ता ठेवलेला असेल तर आधी तो बदलून घ्या. मग दुकानदार एफबीआयच्या यंत्रणेकडून तपासणी करून घेतो. कधी लगेच 'प्रोसीड' येतं, कधी 'डिलेड'. डिलेड आलं तर घाबरू नका, ते नकाराचं उत्तर नाही.

टेक्सासात खरेदीला वेगळा परवाना लागत नाही. पण तुमचा एखादा नातेवाईक न्यू जर्सीत, एडिसनला वगैरे असेल, तर हे पत्र वाचून त्यानं तीच बंदूक घ्यायला जाऊ नये. तिथे आधी बंदूकखरेदीचं ओळखपत्र काढावं लागतं, आणि सेमी-ऑटो शॉटगनला पिस्तुलासारखी मूठ असेल किंवा तिच्यात सहापेक्षा जास्त काडतुसं मावत असतील तर ती बंदीच्या यादीत जाते. इलिनॉयमध्ये २०२३पासून, कॅलिफोर्नियात त्याआधीपासून असेच आपापले नियम आहेत. दुकानदार जिला 'टॅक्टिकल' म्हणतो, तिच्यातल्या नेमक्या त्याच गोष्टी एका राज्यात चालतात आणि दुसऱ्यात तुरुंगात नेतात.

टॅक्टिकल म्हणजे तरी काय? नळी आखूड, साधारण साडेअठरा इंच. १९३४च्या कायद्याप्रमाणे १८ इंचांखालच्या नळीला वेगळी नोंदणी लागते, म्हणून सगळे त्याच्या जरा वर थांबतात. नळीखालचं मॅगझिन, म्हणजे काडतुसं भरून ठेवायची जागा, लांब, पाच-सात काडतुसांचं. नेम धरायला नळीच्या टोकावरच्या नुसत्या मण्याऐवजी (त्याला माशी म्हणतात) मागे कडं असलेली साइट. टॉर्च लावायला जागा. यातल्या दोनच गोष्टी तुमच्या खऱ्या उपयोगाच्या आहेत, आखूड नळी आणि टॉर्च. काळा रंग, भोकाभोकांचं आवरण, नळीच्या टोकाचे दात, यांचे पैसे देऊ नका. खांद्याला टेकायचा दस्ताच नसलेली, नुसत्या मुठीची बंदूक तर मुळीच घेऊ नका. ती हातात ठरत नाही आणि तिचा नेमही लागत नाही.

आता उठून बेडरूमच्या भिंतीवर बोटांनी टकटक करा. पोकळ आवाज येईल. सांगलीच्या घराला विटांची नऊ इंची भिंत असेल. इथे लाकडी पट्ट्यांच्या सांगाड्याला दोन बाजूंनी अर्धा-अर्धा इंच जाडीचे जिप्समचे तक्ते, मध्ये हवा. बारा बोअरच्या डबल-ऑट बकशॉटच्या एका काडतुसात हरभऱ्याएवढ्या नऊ गोळ्या असतात, आणि त्या अशा एकामागून एक कित्येक भिंती पार करून जातात. स्लग, म्हणजे एकच मोठी गोळी, त्याहून पुढे जाते. मोहरीपेक्षा जरा मोठे असे पक्षीमारीचे छर्रे भिंतीत लवकर दम तोडतात खरे, पण मग माणसाला थांबवण्याचाही त्यांच्यावर भरवसा ठेवता येत नाही. दोन्ही गोष्टी एकदम देणारं काडतूस अजून तरी कोणी बनवलेलं नाही.

म्हणून कागदावर घराचा नकाशा काढा. केटीकडच्या दुमजली घरांत बऱ्याचदा मोठी बेडरूम खाली आणि मुलांच्या खोल्या वर असतात. आई-बाबा कुठे झोपतात? जिन्याच्या तोंडाशी उभं राहून कुठल्या दिशेला गोळी गेली तर मागे कोणीच नसेल? अशी एकही दिशा सापडत नसेल तर तुमच्या घरात बंदुकीचं काम फार थोडं आहे, आणि हे चारशे डॉलर घालवण्याआधी कळलेलं बरं. सापडत असेल तर बेत साधा ठेवा. मुली आणि आई-बाबा एका खोलीत, दार बंद, ९११ चालू, तुम्ही दाराकडे तोंड करून. घर शोधत फिरायचं नाही. अंधारात पाणी प्यायला उठलेले बाबाच समोर येतील. टॉर्च हवा तो यासाठीच. समोर कोण आहे हे दिसल्याशिवाय चापाला बोट लागता कामा नये.

शॉटगननं नेम धरावा लागत नाही, नुसतं दिशेला रोखलं की झालं, असं तुमच्या मित्रानं सांगितलंय. ते डोक्यातून काढून टाका. छर्रे साधारण दर यार्डाला इंचभर पसरतात असा ढोबळ हिशेब आहे. खोलीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाच यार्ड धरले तर गोळ्या तळहाताएवढ्या जागेत पडतात. नेम चुकला तर सगळं काडतूसच चुकलं, आणि त्या नऊच्या नऊ गोळ्या मागच्या भिंतीत गेल्या.

यंत्राचं थोडं सांगतो, कारण स्वस्त आणि महागातला फरक तिथे आहे. पहिली यशस्वी सेमी-ऑटो शॉटगन अमेरिकन जॉन ब्राउनिंग यांची. बेल्जियममधल्या एफएन कंपनीनं ती १९०२ साली बनवायला घेतली. तिच्यात बार उडाला की नळीच मागे सरकायची. आज दोन पद्धती चालतात. एका पद्धतीत नळीला खालून बारीक छिद्रं असतात. त्यांतून निघालेला थोडा वायू दट्ट्याला मागे ढकलतो, रिकामं काडतूस बाहेर पडतं, नवं आत येतं. हिला गॅसवाली म्हणतात. धक्का मऊ लागतो, पण काजळी जास्त धरते, आणि साफसफाईचा आळस केला की अडते. दुसरीत छिद्रं नाहीत, दट्ट्या नाही. बोल्टच्या, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणाऱ्या सरकत्या ठोकळ्याच्या, पोटात एक जाडजूड स्प्रिंग. बंदूक धक्क्यानं मागे येते, बोल्ट जागच्या जागी राहू बघतो, स्प्रिंग दबते आणि उसळून काम करते. ही इनर्शियावाली. भाग कमी, घाण कमी, पण खांदा घट्ट लागतो. सैल धरली किंवा अंगाला टॉर्च, काडतुसांचा पट्टा असं वजन लटकवत गेलं, तर हलक्या काडतुसांना ती दाद देत नाही. तुमच्यासारख्या नवख्या घरासाठी मी गॅसवालीच्या बाजूनं आहे, कारण धक्का कमी असला तर तुम्ही सराव कराल, आणि कदाचित बायकोही करतील.

पंप, म्हणजे हातानं पुढे-मागे ओढायची, हिचा विचार तुमच्या पत्रात कुठेच नाही. तो करा. मॉसबर्ग कंपनीच्या घरातली मॅव्हरिक ८८ अडीचशे डॉलरच्या आसपास मिळते, आपल्या टेक्सासातच ईगल पासला बनते. पोलिसांनी वापरून विकायला काढलेल्या रेमिंग्टन ८७० किंवा मॉसबर्ग ५९० वरून खरचटलेल्या असतात, पण आतून ठणठणीत असू शकतात. पंपात एक खोट आहे. घाबरलेला माणूस ती पुरती मागे ओढत नाही आणि ती अडते. सरावानं हे जातं, सरावाशिवाय नाही.

आता चारशे डॉलरच्या तुर्की बंदुका. तुर्कस्तानात कोन्या प्रांतात बेयशेहिरच्या बाजूला गावंच्या गावं शॉटगन बनवतात, जशी तुमच्या शेजारची मिरज सतारी बनवते. आणि मिरजेत कसं, पिढीजात कारागिराकडची सतारही मिळते आणि नुसती दिवाणखान्यात टांगायला केलेलीही मिळते, तसंच तिथे आहे. 'तुर्की' हा शब्द ऐकून नाक मुरडू नये आणि डोळे मिटूनही घेऊ नये. स्टोगरची एम३००० तुर्कस्तानातच बनते. कंपनी इटलीच्या बेरेटाच्या गोतावळ्यातली, आत त्याच गोतावळ्यातल्या बेनेलीच्या धर्तीची इनर्शिया पद्धत. नवी सहाशेच्या आगेमागे मिळते. सुरुवातीला जोरकस काडतुसं घालून तिला रुळवावी लागते, पण सुटे भाग मिळतात आणि बिघडली तर इथे दाद मागायला कोणीतरी आहे.

मी स्वतः एकदा फसलोय ते सांगतो. लष्करी रायफलीसारखी दिसणारी, खालून पेटीसारखं मॅगझिन लावायची एक शॉटगन मी स्वस्तात मिळते म्हणून घेतली. कंपनीचं नाव इथे घेत नाही. रेंजवर चौथ्या बारालाच रिकामं काडतूस बोल्टच्या तोंडात उभं अडकलं, आणि मागचं भरलेलं अर्धवट आत घुसून बसलं. मॅगझिन खेचून काढलं, एका हातानं बोल्ट मागे धरला, दुसऱ्या हाताच्या बोटानं ते खरवडून बाहेर काढलं, आणि अंगठ्याच्या नखाखालून रक्त आलं. पाऊण मिनिट सहज गेलं. त्या दिवशी असं सात वेळा झालं. दुरुस्तीला पाठवली, दोन महिन्यांनी आली, तेच. शिवाय पेटीच्या मॅगझिनात प्लास्टिकची काडतुसं स्प्रिंगच्या दाबानं दिवसेंदिवस चेपतात, आणि चेपलेलं काडतूस नळीत जात नाही. म्हणजे ज्या रात्रीसाठी भरून ठेवायची, त्या रात्रीच ती दगा देणार. तुमच्या यादीतल्या अशा पेटीवाल्या तिन्ही बंदुकांवर काट मारा. नळीखालचं लांबट मॅगझिनच घ्या.

मग माझी निवड कोणती? सेमी-ऑटोच हवी असेल तर बेरेटाची ए३०० अल्टिमा पॅट्रोल. गॅसवाली, टेनेसी राज्यातल्या गॅलटिनला बनते, नळी १९ इंचांच्या जरा वर, मॅगझिनात सात काडतुसं. हजार-अकराशे डॉलर पडतात. तोडीस तोड मॉसबर्गची ९४० प्रो टॅक्टिकल, किंमतही त्याच घरात. तिचा दस्ता लांब-आखूड करता येतो, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं. बेनेलीची एम४, जी अमेरिकेच्या मरीन दलानं १९९९ साली निवडली, ती उत्तम आहे, पण तिच्या किमतीत अशा दोन येतात. ती विसरा.

तुमच्या बजेटात हे बसत नाही, कळतं मला. दोन रस्ते आहेत. एक, चार-पाच महिने थांबून पैसे साठवायचे. दुसरा, मॅव्हरिक ८८ घ्यायची आणि उरलेले चारशे डॉलर वर्ग, काडतुसं आणि तिजोरी यांत घालायचे. मी तुमच्या जागी असतो तर दुसरा धरला असता. सातशे डॉलर बंदुकीत घालून काडतुसांना पैसे न उरलेली माणसं मी खूप बघितलीत. त्यांच्या बंदुका नव्या कोऱ्या आहेत आणि त्यांना त्या भरताही येत नाहीत.

घेण्याआधी भाड्यानं चालवा. मोठ्या रेंजवर शॉटगन भाड्यानं मिळतात. खांद्याला लावून डोळे मिटा, मग उघडा. गाल आपोआप दस्त्यावर बसून साइट समोर आली पाहिजे. कारखान्यातला दस्ता सहा फुटी माणसाच्या मापाचा असतो. पाच फूट दोन इंचांच्या बाईला तो इतका लांब पडतो, की ती कमरेतून मागे झुकते आणि पहिल्याच धक्क्याला दोन पावलं मागे जाते. मग 'बायकांना शॉटगन झेपत नाही' असं म्हणतात. तिला झेपत नाही तो दस्ता. बारा बोअर जडच वाटत असेल तर वीस बोअर बघायला हरकत नाही (बोअरचा आकडा मोठा तितकी नळी अरुंद). फक्त घरात दोन्ही ठेवू नका. वीसचं काडतूस बाराच्या नळीत सरकून पुढे अडकतं आणि मागून बाराचं उडालं की नळी फुटते. ही गल्लत टळावी म्हणून वीसची काडतुसं पिवळी करतात.

काडतुसं पावणेतीन इंची पुरेत. तीन इंची मॅग्नम घेऊन खांदा सुजवून घेऊ नका. सराव साध्या छर्ऱ्यांवर करा, पंचवीसचं खोकं दहा-बारा डॉलरला मिळतं. घरासाठी जे बकशॉट ठेवणार, तेच पाच-दहा तरी कागदावर उडवून बघा. फेडरल कंपनीच्या फ्लाइटकंट्रोलसारखी काडतुसं गोळ्या एकत्र ठेवतात, साधी पसरवतात. तुमच्या घरातलं लांबात लांब अंतर पावलांनी मोजा, तितक्याच अंतरावर रेंजवर मोठा कागद लावा, एक बार काढा आणि भोकं मोजा. नऊ गोळ्यांचं काडतूस असेल तर नऊ भोकं मिळाली पाहिजेत. आठच मिळाली तर नववी कुठे गेली हा प्रश्न आहे. सेमी-ऑटो घेतलीत तर दोनशे काडतुसं न अडता गेल्याशिवाय तिला भरवशाची समजू नका.

कानाला आणि डोळ्याला संरक्षण हवंच. शॉटगनचा आवाज दीडशे डेसिबलच्या पुढे जातो. घरी आल्यावर मुलींना जवळ घेण्याआधी थंड पाण्यानं साबण लावून हात-तोंड धुवा, कपडे वेगळे धुवायला टाका. शिसं हातावर, केसांवर येतं.

आता कुलूप. टेक्सासात १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागेल अशी ठेवणं हा गुन्हा आहे, पण कायदा बाजूला ठेवून बोलतो. मुलींना कपाटाच्या सगळ्या चाव्या माहीत असतात. तुम्हाला वाटतं नसतील. दिवाळीचा फराळ तुम्ही कुठे लपवता ते त्यांना माहीत आहे की नाही बघा. भिंतीला बोल्टनं पक्की केलेली, बटणांनी पटकन उघडणारी लांब पेटी घ्या, दीडशे-दोनशे डॉलरची. नंबर फक्त तुम्हा दोघांना. आई-बाबांना नंबर देऊ नका. ते व्हिजिटर व्हिसावर आहेत, बंदूक त्यांच्या ताब्यात आहे असं कोणी म्हणू शकेल अशी वेळ येऊ नये. पेटीतसुद्धा नळी रिकामी ठेवा. बहुतेक शॉटगनचं सेफ्टीचं बटण फक्त चाप अडवतं. बंदूक दणकन पडली तर आतला घोडा सुटणार नाही, याची हमी ते देत नाही. काडतुसं मॅगझिनात, नळी रिकामी, असं ठेवतात. सेमी-ऑटोत एक मेख आहे. काही मॉडेलांत नुसता बोल्ट ओढला तर मॅगझिनातलं काडतूस वर येत नाही, आधी बाजूचं छोटं बटण दाबावं लागतं. हे बटण रात्री तीन वाजता आठवत नाही. हात ते शिकेपर्यंत खोट्या, रंगीत काडतुसांवर रोज पाच मिनिटं घोका, आणि त्या वेळी खरं काडतूस त्या खोलीतसुद्धा नको.

मोठ्या मुलीशी स्पष्ट बोला. बंदूक आहे, कुठे आहे, तिला हात का लावायचा नाही, मैत्रिणीच्या घरी दिसली तर काय करायचं : थांब, हात लावू नकोस, खोलीबाहेर ये, मोठ्यांना सांग. धाकटीला नुसतं शेवटचं सांगितलं तरी चालेल. आणि त्या जिथे खेळायला जातात तिथल्या आईवडिलांनाही विचारा, 'तुमच्याकडे बंदूक कुलपात आहे ना?' सुरुवातीला अवघड वाटतं. शेंगदाण्याच्या ॲलर्जीबद्दल विचारतोच ना आपण.

बाबांची हौस. व्हिजिटर व्हिसावरच्या माणसानं रेंजवर भाड्याची बंदूक धरली तरी तो ताबाच होतो. शिकार परवान्याची वाट आहे, पण एका बारासाठी व्हिसाशी खेळ मला पटत नाही. करायचंच असेल तर आधी इमिग्रेशन वकिलाला विचारा. नाहीतर बाबांना मातीच्या तबकड्या उडवतात त्या मैदानावर घेऊन जा. कानाला मफ लावून, मागच्या बाकावर, थर्मासमधला चहा घेऊन बघू दे. माझे वडील तीन तास बसले होते, आणि घरी येईपर्यंत कोण किती चुकला याची यादी सांगत होते.

आई-बाबा मार्चमध्ये परतणार असं तुम्ही लिहिलंय. तोवर खरेदी करू नका. शनिवारी स्क्रू बसवा, या महिन्यात वर्गाचं बघा. वर्गाची नोंदणी दोघांच्या नावानं करा, आणि वेळ बायकोला विचारून ठरवा.